छापखान्यातला जुना प्रोसेस कॅमेरा: मोडीत न काढता छायाचित्रणासाठी पुन्हा कसा उभारावा

नाशिकमधल्या जुन्या छापखान्यांत आजही कुठे कुठे मागच्या खोलीत, रद्दीच्या आणि वापरून झालेल्या प्लेटांच्या ढिगामागे, पलंगाएवढा लांब एक कॅमेरा धूळ खात उभा असलेला दिसतो. त्याला प्रोसेस कॅमेरा म्हणतात. एका टोकाला मूळ चित्र किंवा पेस्टिंग केलेले पान लावायचा कॉपी बोर्ड, मध्ये रुळांवर सरकणारी लेन्स आणि तिच्यामागचा बेलोज (भात्यासारखा घड्यांचा काळा पडदा), दुसऱ्या टोकाला हवा ओढून फिल्म सपाट धरणारी व्हॅक्यूम बॅक अशी त्याची साधी रचना असते. ऑफसेट छपाईच्या प्लेटसाठी लागणारी लाइन निगेटिव्ह (अक्षरे आणि रेघा) आणि हाफटोन (ठिपक्यांत मोडलेली छायाचित्रे) त्यावर काढली जात असत. १९९०च्या दशकात संगणक, स्कॅनर आणि थेट फिल्म काढणारी यंत्रे आली, त्यानंतर फिल्मही वगळून थेट प्लेट करण्याची पद्धत आली आणि कॅमेरा रूम बंद झाल्या.

या गावाचा आणि या कलेचा संबंध जुना आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण, ब्लॉक तयार करणे आणि छपाई ही तिन्ही कामे हाताने केली होती. पडद्यावरच्या त्यांच्या कौशल्यामागे कॅमेरा रूममधली ती शिस्त होती असे मला नेहमी वाटते.

असा कॅमेरा हाती आला की बहुतेक जण त्याची लेन्स काढून घेतात आणि सांगाडा भंगारात देतात. लेन्स वेगळ्या लार्ज फॉरमॅट (मोठ्या मापाची फिल्म घेणाऱ्या) कॅमेऱ्याला लावता येते, हे खरे आहे. तरीही माझा आग्रह आहे की यंत्र अखंड ठेवावे. हा कॅमेरा विषयाकडे नेता येत नाही, विषयच त्याच्यासमोर आणावा लागतो, आणि वस्तू तिच्या खऱ्या आकाराइतकी किंवा तिच्या निम्म्या आकारात टिपण्यात जी ताकद त्याच्याजवळ आहे ती पाठीवर वाहून नेता येणाऱ्या कोणत्याही कॅमेऱ्याजवळ नाही. पुढची सारी पद्धत ही एक गोष्ट धरून सांगितली आहे.

घेण्यापूर्वी काय तपासावे

हे कॅमेरे दोन प्रकारचे असतात. उभ्या कॅमेऱ्यात कॉपी बोर्ड खाली आडवा असतो आणि फिल्म वर लागते. तो लहान खोलीत मावतो, मात्र त्याखाली पाने, फुले, कापड, हात असे आडवे ठेवता येणारे विषयच सोयीचे पडतात. आडवा कॅमेरा दोन-तीन मीटर किंवा त्याहूनही लांब असतो, पण त्याच्यासमोर माणूस बसवता येतो. जागा असेल तर आडवाच घ्यावा.

पाहायला जाताना एक चांगली टॉर्च बरोबर ठेवावी. लेन्समधून तिरका प्रकाश टाकला की बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लगेच दिसतात. फिकट बुरशीने चित्रात फारसा फरक पडत नाही. काच खाल्ली गेली असेल तर मात्र चित्र धूसर येते. बेलोजच्या घड्यांचे कोपरे बोटाने दाबून पाहावेत, कारण तो फाटतो तो कोपऱ्यातच. लेन्स आणि कॉपी बोर्ड दोन्ही रुळांवर शेवटपर्यंत सरकतात का आणि व्हॅक्यूम बॅक चौकटीत घट्ट बसते का, हे हाताने करून पाहावे. मोटार, टायमर, दिवे बंद असतील तर त्याची काळजी करू नये. ते आपण वापरणारच नाही. ग्राउंड ग्लास, म्हणजे फोकस पाहायची घासलेली काच, फुटलेली असली तरी चालेल. साध्या काचेवर कार्बोरंडमची बारीक पूड आणि पाणी टाकून दुसऱ्या काचेने गोल गोल घासत राहिले की घरीच नवी तयार होते.

हलवण्यापूर्वी लेन्स काढून मऊ कापडात गुंडाळावी आणि ती स्वतःजवळ ठेवावी, टेम्पोत मागे टाकू नये. प्रत्येक सांध्यावर खडूने आकडा लिहून त्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा.

दिव्यांबाबत सक्त सूचना

जुन्या कॅमेऱ्यांना कार्बन आर्कचे दिवे असत. त्यांचा धूर आणि अतिनील प्रकाश अपायकारक असल्याने ते पुन्हा पेटवू नयेत. नंतरच्या काळातल्या झेनॉन दिव्यांच्या वीजपेटीतले कपॅसिटर बंद अवस्थेतही जीवघेणा भार धरून राहू शकतात. ती पेटी स्वतः उघडू नये, जाणकार वायरमनकडून काढून घ्यावी. दिव्यांच्या तारांवर पांढरट धागेदार वेष्टन असेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कापू किंवा खरवडू नये. हे सगळे काढून त्याजागी ५० वॉटचे दोन-चार एलईडी फ्लडलाइट लावावेत. त्यांच्या प्रकाशाने विषय फारसा तापत नाही, आणि ताज्या फळाफुलांसमोर दोन-दोन मिनिटे दिवे लावायचे असतात तेव्हा याचे महत्त्व कळते.

जागा: माजघर आणि चौक

प्रोसेस कॅमेऱ्याची मागची बाजू डार्करूममध्ये आणि पुढची बाजू उजेडाच्या खोलीत, मध्ये भिंत, अशी मोठ्या छापखान्यांतली मांडणी असे. जुन्या नाशकातल्या वाड्यात ही सोय जणू तयारच मिळते. आमच्या वाड्याचे माजघर भर दुपारीही अंधारे असते आणि त्याचे दार ओसरीवरून चौकात उघडते. त्या दाराच्या चौकटीत प्लायवूडची फळी बसवून तिला कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीएवढे भोक पाडले. फळीच्या कडांना काळे फेल्ट लावले, आणि आत-बाहेर जायला बाजूच्या खोलीतला रस्ता ठेवून त्यावर दुहेरी काळा पडदा सोडला. आता मागची बाजू माजघरात आहे, बेलोज आणि लेन्स ओसरीवर आहेत आणि विषय चौकाच्या मोकळ्या उजेडात बसतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी दोन खोल्यांमधल्या दारात हीच रचना करावी.

रुळ समपातळीत आहेत की नाही हे गवंड्याच्या लेव्हलने पाहावे आणि पायांखाली जाड रबराचे तुकडे द्यावेत. मूळ कॅमेरे स्प्रिंगवर टांगलेले किंवा फार जड पायांवर असत ते छपाई यंत्रांच्या हादऱ्यांसाठी. आपल्याकडे रस्त्यावरून जाणारा ट्रकही तेच काम करतो, कारण लेन्स मिनिटभर उघडी असते.

प्रकाश कुठून शिरतो ते शोधणे

रात्री सगळे दिवे मालवून बेलोजमध्ये एक लहान बल्ब ठेवावा, लेन्स आणि मागची बाजू बंद करावी आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटे थांबावे. मग बाहेरून पाहिले की सुईच्या टोकाएवढी भोकेही ताऱ्यांसारखी दिसतात. पहिल्या महिन्यात माझ्या प्रत्येक निगेटिव्हच्या डाव्या कडेला बोटभर काळा पट्टा येत होता आणि मी दोष डेव्हलपरला (चित्र उमटवणाऱ्या द्रावणाला) देत होतो. लेन्स बोर्डाच्या, म्हणजे लेन्स बसवलेल्या फळीच्या, मागे एका काढून टाकलेल्या बोल्टचे रिकामे भोक राहिले होते, ते या पद्धतीने एका रात्रीत सापडले. बेलोजच्या दुरुस्तीसाठी पुस्तकबांधणी करणाऱ्यांकडचे पातळ काळे कापड आणि रबरी चिकटद्रव वापरावे. पांढरा गोंद वाळून कडक होतो आणि घडीवर पुन्हा तडकतो.

लेन्स समजून घेणे

एपो-रोनार, एपो-निक्कोर, आर्टार यांसारख्या प्रोसेस लेन्स या कॅमेऱ्यांवर आढळतात. प्रकाश आत सोडणारे त्यांचे छिद्र लहानमोठे करता येते. बहुतेकांचे सर्वांत मोठे छिद्र एफ/९च्या आसपास असते आणि लहानातले लहान एफ/६४ किंवा एफ/९० पर्यंत जाते. त्या एकास एक (वस्तूएवढेच चित्र) प्रमाणासाठी बनवलेल्या असून तिन्ही रंगांचे किरण एकाच जागी केंद्रित करतात. बऱ्याच लेन्सच्या नळीवर एक चीर असते, तीत जिलेटिनचा फिल्टर सरकवता येतो. शटर बहुधा नसते, असले तर विजेवरचे असते आणि बंद पडलेले असते. लेन्सवर घट्ट बसणारी आणि न हलवता काढता येणारी टोपी पुरते. पुठ्ठ्याची नळी करून तिला आतून काळे मखमली कापड लावले की उत्तम टोपी होते.

काही कॅमेऱ्यांत छिद्राचा काटा टक्क्यांच्या पट्टीवर फिरतो: १०० टक्के म्हणजे एकास एक, ५० टक्के म्हणजे निम्मा आकार. बेलोज लांबल्यामुळे कमी होणारा प्रकाश या पट्टीत आधीच हिशेबात धरलेला असतो. ही पट्टी वापरत असाल तर पुढे सांगितलेली वेळेची वाढ पुन्हा करू नये. मी ती दोनदा केली होती आणि एकास एकचे सगळे फोटोपेपर दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाशाने, जास्त भाजले गेले.

अंतराचे गणित

हे एकदा कागदावर काढून भिंतीला लावले की रोजचे काम सोपे होते. लेन्सचे नाभीय अंतर ४८० मिमी धरू. वस्तू खऱ्या आकारात हवी असेल तर लेन्सपासून फिल्म ९६० मिमीवर आणि वस्तूही ९६० मिमीवर येते. निम्म्या आकारासाठी फिल्म ७२० मिमीवर आणि वस्तू १,४४० मिमीवर, तर पाव आकारासाठी फिल्म ६०० मिमीवर आणि वस्तू २,४०० मिमीवर. सूत्र असे की फिल्मचे अंतर म्हणजे नाभीय अंतर गुणिले (१ + प्रमाण), आणि वस्तूचे अंतर म्हणजे नाभीय अंतर गुणिले (१ + १ भागिले प्रमाण). प्रकाशमापकाने दिलेल्या वेळेला (१ + प्रमाण)च्या वर्गाने गुणायचे: एकास एकला चौपट, निम्म्या आकाराला सव्वादोन पट, पाव आकाराला साधारण दीडपट.

फोकस पाहायला ऑफसेटवाले डॉट तपासण्यासाठी वापरतात ते घडीचे भिंग ग्राउंड ग्लासवर टेकवावे. मात्र ग्राउंड ग्लासची पातळी आणि व्हॅक्यूम बॅकची पातळी तंतोतंत एक असेलच असे नाही. त्यासाठी कॉपी बोर्डाच्या जागी वर्तमानपत्राचे पान ४५ अंशांत तिरके उभे करावे, मधल्या एका ओळीवर लाल रेघ मारून तिच्यावर एफ/९ला फोकस करावा आणि एक चित्र घ्यावे. चित्रात दुसरीच ओळ धारदार आली तर काचेखाली पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून किंवा काढून फरक भरून काढावा. ही चाचणी टाळली तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

कशावर टिपायचे

सुरुवात फोटोपेपरने करावी. कृष्णधवल छपाईचा साधा मल्टिग्रेड आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) कागदच निगेटिव्ह म्हणून वापरायचा, त्याची गती (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) आयएसओ ३ ते ६ धरायची. लाल दिव्यात सगळे काम डोळ्यांसमोर होते, त्यामुळे चूक लगेच कळते. कागदाचा कॉन्ट्रास्ट उन्हात फार कडक येतो. तो मऊ करायला लेन्सच्या चिरेत पिवळा फिल्टर घालावा, किंवा चित्र घेण्यापूर्वी कागदाला मंद पांढऱ्या प्रकाशाचा इतका अल्प झटका द्यावा की तो एकटाच डेव्हलप केला तर जेमतेम राखाडी होऊ पाहील. या दुसऱ्या उपायाने सावल्यांमधला तपशील वर येतो.

दुसरा पर्याय वैद्यकीय एक्स-रे फिल्मचा. वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत १०×१२, १२×१५, १४×१७ इंच या मापांत ती मिळते आणि याच मापाच्या छायाचित्रण फिल्मपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. गती आयएसओ ५० धरून चाचण्या घ्याव्यात. तिच्या दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर) असते आणि ते ओले झाल्यावर नखाच्या स्पर्शानेही ओरखडते, म्हणून ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवावी आणि एका वेळी एकच फिल्म धुवावी.

कागद निळ्या आणि थोड्याफार हिरव्या प्रकाशालाच प्रतिसाद देतो, लाल त्याला दिसत नाही. एक्स-रे फिल्मचेही जवळजवळ तसेच आहे. कपाळावरचे कुंकू काळे उतरते, हळद गडद होते, आकाश पांढरे पडते आणि उन्हाने रापलेल्या चेहऱ्याची प्रत्येक सुरकुती उठून येते. ही उणीव मानू नये, तिच्यासाठी विषय निवडावा.

कागद धरायला व्हॅक्यूम बॅक असते. तिचा पंप बंद असेल तर घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी तिला जोडावी, मात्र क्लीनर दुसऱ्या खोलीत आणि उशीवर ठेवावा, नाहीतर थरथर चित्रात उतरते. आरसी कागद कोपऱ्यांना दुहेरी चिकटपट्टी लावूनही सपाट राहतो.

पहिले चित्र: द्राक्षांचा घड

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत नाशिकमध्ये यापेक्षा चांगला विषय शोधायला जाऊ नये. कॉपी बोर्डाची काच आणि चौकट काढून त्याजागी आडवी फळी बसवावी. घड बागेतून देठासकट घ्यावा आणि मण्यांना बोट लावू नये. मण्यावर जो पांढुरका, भुरभुरीत थर असतो तोच निळ्या प्रकाशात उजळतो आणि बोट लागले की तिथे कायमचा काळा डाग दिसतो. घड दोऱ्याने टांगावा, दोरा दोन ठिकाणी ताणून बांधावा म्हणजे तो फिरत नाही. एक एलईडी बाजूने आणि थोडा मागून, दुसरा दूरवर पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवावा.

प्रमाण एकास एक, छिद्र एफ/३२. प्रकाशमापक आयएसओ ६ला ३० सेकंद सांगत असेल तर चौपट म्हणजे १२० सेकंद होतात. इतक्या लांब वेळेत कागदाची संवेदनशीलता घटते, म्हणून मी १५० सेकंद देतो. तत्पूर्वी चाचणी पट्टी घ्यावी: पाच सेंटीमीटर रुंदीची कागदाची पट्टी बॅकवर लावून ती काळ्या पुठ्ठ्याने बरीचशी झाकायची, ४० सेकंद द्यायचे, टोपी लावून पुठ्ठा थोडा मागे सरकवायचा, पुन्हा ४० सेकंद, असे चार-पाच टप्पे. उघड झाप करताना कॅमेऱ्याला हात टेकू नये.

डेव्हलपरमध्ये कागद टाकल्यावर वीस-पंचवीस सेकंदांनी आधी देठाची रेषा उमटते आणि मग एकेक मणी आतून काळा होत भरत जातो. निगेटिव्ह असल्यामुळे पांढुरका थर काळा दिसतो आणि मण्यांच्या मधल्या सावल्या पांढऱ्या राहतात. पुढे कोऱ्या कागदावर निगेटिव्ह उपडी ठेवून, इमल्शनला इमल्शन लावून, वर जाड काच दाबून प्रकाश दिला की चित्र सुलटे होते आणि उजवे-डावेही बरोबर येते. छापलेल्या कागदावर हात ठेवला तर मणी खऱ्या मण्याएवढाच असतो, आणि भिंगाने पाहिले तर सालीवरचे ठिपके दिसतात.

माणसाचे चित्र

इथे प्रमाण निम्मे ठेवावे. १२×१५ इंचांच्या कागदावर २४×३० इंचांचा भाग मावतो, म्हणजे डोके, खांदे आणि छाती. चौकातल्या सावलीच्या उजेडात, दुपारी, आयएसओ ६च्या कागदाला एफ/१६वर आमच्याकडे साधारण तीन सेकंद लागतात. वाढीव सव्वादोन पट त्यात धरली आहे. त्या छिद्रावर जेमतेम चार सेंटीमीटर खोलीच धारदार येते: डोळे स्पष्ट, कान मऊ. एफ/२२ला ही खोली पाच सेंटीमीटरच्या थोडी पुढे जाते, पण वेळ सहा सेकंदांच्या घरात पोहोचते.

मान हलू नये म्हणून खुर्चीच्या पाठीला उभी काठी बांधून तिच्यावर कापडाची लहान उशी द्यावी आणि ती डोक्याच्या मागे टेकवावी. कॅमेऱ्यात ती दिसत नाही. फोकस झाल्यावर बसलेल्याच्या भुवईपासून लेन्स बोर्डापर्यंत दोरीने अंतर मोजून दोरीला गाठ मारावी; कागद लावून परत येईपर्यंत माणूस सरकला की नाही हे त्या गाठीने कळते. माझ्या शेजारचे काका, ज्यांनी छापखान्यात तीस वर्षे असाच कॅमेरा चालवला, ते पहिल्यांदा त्याच्यासमोर बसले तेव्हा तीन सेकंद मनात मोजून स्वतःच म्हणाले, "आता झाक." त्यांचा अंदाज अचूक होता. त्या चित्रात त्यांच्या अंगठ्यावरचा जुना तपकिरी डागही आला आहे.

धुलाई आणि वापरलेला हायपो

डेव्हलपरचे तापमान २० अंशांच्या आसपास ठेवावे. हिवाळ्यात नाशिकचे नळाचे पाणी त्याहून गार असते आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी तिशीच्या वर जाते, म्हणून ट्रे मोठ्या परातीत ठेवून बाहेरून कोमट पाणी किंवा बर्फाची पिशवी द्यावी. एक्स-रे फिल्म पातळ केलेल्या डेव्हलपरमध्ये, लाल दिव्यात पाहत पाहत, पाच-सहा मिनिटांत पुरी होते. वापरलेल्या हायपोत (चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात) चांदी विरघळलेली असते. तो मोरीत ओतला तर शेवटी गोदावरीतच जातो. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून त्यात स्टील वूल टाकले की लोखंडावर चांदी उतरून काळा गाळ बसतो. गाळ आणि उरलेले पाणी एक्स-रे केंद्रांकडून हायपो नेणाऱ्या चांदीवाल्याला द्यावे.

हाफटोन स्क्रीन सापडली तर

कॅमेऱ्याबरोबर बहुधा ड्रॉवरमध्ये काचेची किंवा फिल्मची स्क्रीन असते. वर्तमानपत्रांसाठी इंचाला ६५ ते ८५ रेघांची आणि मासिकांसाठी १३३ ते १५०ची वापरत. फिल्मची काँटॅक्ट स्क्रीन लिथ फिल्मवर (फक्त काळे-पांढरे टिपणाऱ्या फिल्मवर) व्हॅक्यूमने घट्ट बसवून चेहरा टिपला की सगळे राखाडी रंग लहानमोठ्या काळ्या डॉटांत मोडतात. ६५ रेघांची जाड स्क्रीन कलाकामासाठी जास्त बोलकी ठरते. अशी निगेटिव्ह सायनोटाइपच्या निळ्या छपाईलाही चालते: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइडची द्रावणे समप्रमाणात मिसळून सुती कागदावर फासायची, अंधारात वाळवायची, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात दहा-पंधरा मिनिटे द्यायची आणि साध्या पाण्यात धुवायचे.

पावसाळ्याची व्यवस्था

जून लागण्यापूर्वी लेन्स उतरवून, भाजून कोरड्या केलेल्या सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवावी आणि जेलचा रंग बदलला की पिशव्या पुन्हा गरम कराव्यात. बेलोज पूर्ण मिटून ठेवू नये, घड्यांत ओल धरते. तो अर्धा ताणलेला असावा आणि पंधरवड्यातून एकदा पुढे-मागे करावा. रुळांवर मशीन ऑइलचा पातळ हात फिरवावा. भोकाला लेन्स बोर्डाऐवजी पुठ्ठा लावून सुतळीने बांधला की उंदीर आणि कुंभारमाशी आत घर करत नाहीत.